थोरल्यांनी सोडलेला श्वास

"शिव्या दे. दोन थोबाडीत दे. पण असा श्वास सोडू नकोस माझ्यावर!"

"मग काय करू? आत ठेवू?"

हे भांडण मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. मुद्दाम नाही हो. आमच्या खोल्या वरच्या मजल्यावर आणि खाली, जिन्याला चिकटून, त्या दोघा भावांचं इस्त्रीचं दुकान. आमच्या ह्यांचा सदरा आणायला म्हणून मी उतरले आणि दारात टांगलेल्या कोटांच्या आड अडकले. पुढे जावं तर भांडणात पाय पडतो, मागे फिरावं तर सदरा राहतो. शिवाय खरं सांगू का, भांडण चांगलं रंगात आलं होतं.

झालं होतं असं, की धाकट्याने पोस्टमास्तरांचा पांढरा सदरा जाळला होता. हा धाकटा म्हणजे बोलका पोपट. इस्त्री सदऱ्याच्या पाठीवर ठेवली आणि दोन्ही हात सोडून कुणाची तरी नक्कल करायला लागला. धूर आला तशी घाईघाईने मूठ धरायला गेला, तर निखाऱ्यांनी भरलेलं ते धूड कलंडलं, टेबलावरून घसरलं आणि धाडकन खाली आदळलं. थोरले समोरच उभे होते, गाल फुगवून, तोंडात पाणी घेऊन. त्यांनी आधी ते पाणी गिळलं. सदऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि एक लांबलचक श्वास सोडला. बस, एवढंच.

"हा सुस्कारा मला कळत नाही असं वाटतं तुला?" धाकटा म्हणाला. "'कसला हा भाऊ माझ्या नशिबी आला' असा सुस्कारा आहे हा!"

"सुस्कारा नाही. श्वास आहे."

"सुस्काराच!"

"अरे, घेतला की सोडावा लागतो."

"मग माझ्याकडे बघून कशाला सोडतोस? भिंतीकडे बघून सोड!"

आणि थोरल्यांनी काय करावं? खरंच भिंतीकडे तोंड केलं आणि सोडला की आणखी एक! कोटांच्या आड मी पदर तोंडात कोंबला. पण धाकट्याचा तिळपापड झाला.

"संपलं," तो म्हणाला. "सुस्कारा होता असं तू कबूल करत नाहीस, तोवर मी तुला दादा म्हणणार नाही. हाकच मारणार नाही. बोलणारच नाही तुझ्याशी."

 थोरल्यांनी इस्त्री उचलली, तळ पुसला आणि मला म्हणाले, "वहिनी, सदरा तयार आहे." म्हणजे कोटांच्या खाली माझे पाय त्यांना मघापासून दिसत होते.

आता हे थोरले कोण, ते सांगते. त्यांचं नाव मला माहीत होतं, पण नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. गल्लीला ते थोरले. बायकोला 'अहो'. मूलबाळ झालं नाही, तेव्हा 'बाबा' म्हणणारं कुणी नाही. दादा म्हणणारा जगात एकच, हा धाकटा. त्याच्या जन्मावेळीच आई गेली आणि बापाचा जीव सगळा इस्त्रीत, म्हणून थोरल्यांनीच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. पडला, खरचटलं, की थोरले गुडघ्यावर फुंकर घालायचे. भात गरम असला की घासावर फुंकर. डोळ्यात राख गेली की पापणी उलटी करून फुंकर. त्या पोराच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो आई नव्हे, बाबा नव्हे, 'दादा'. हे मला थोरल्यांच्या बायकोने सांगितलं. तिला मी ताई म्हणायची.

म्हणजे धाकट्याने हिरावून काय घेतलं, ते समजलं ना? माणसाला एकच दागिना असावा आणि घरातल्यानेच तो काढून न्यावा, तसं झालं.

दुकान म्हणजे केवढं? एक लांब टेबल, त्यावर घोंगडी, घोंगडीवर जुनी चादर, ठिकठिकाणी तपकिरी डाग पडलेली. दोन इस्त्र्या, कोळशाच्या. दाराशी शेगडी. मागे एक खोली, तिथे थोरले आणि ताई. वर माळा, तिथे धाकटा. त्याने लग्न केलं नाही. म्हणायचा, "बायको आली की बोलायला तीच उरेल, मी कधी बोलू?"

आणि कामाची वाटणी ठरलेली. विस्तव धाकट्याकडे, पाणी थोरल्यांकडे. कोळसे पेटवायचे, फुंकून फुलवायचे, इस्त्रीत भरायचे, राख साचली की इस्त्री दाराबाहेर नेऊन भोकांतून फुंकून काढायची, हे सगळं धाकट्याचं. राख घरात फुंकली तर पांढऱ्या कपड्यांची वाट लागते. कापड ओलं करायचं ते थोरल्यांनी. मगमधून घोटभर पाणी तोंडात घ्यायचं, ओठ जेमतेम उघडायचे आणि फुर्रर्र! काय सांगू तुम्हाला, पाणी पडतं आहे असं वाटायचंच नाही. गवतावर दव बसावं तसं ते कापडावर बसायचं. थेंब म्हणून दिसायचा नाही. सकाळी दारातून ऊन आत आलं की त्या तुषारांत इवलंसं इंद्रधनुष्य उमटायचं, आणि शाळेत निघालेली पोरं ते बघायला दारात थबकायची. "आणखी एकदा, आणखी एकदा" करायची. थोरले कधी नाही म्हणाले नाहीत. अर्थात म्हणणार कसे? तोंडात पाणी.

नर्सबाईंना मात्र हे मुळीच पसंत नव्हतं. "उष्टं पाणी कपड्यावर उडवता! माझ्या गणवेशावर नको," म्हणायच्या. थोरले रोज सकाळी मीठ टाकून चुळा भरायचे, कच्चा कांदा त्यांनी उभ्या जन्मात खाल्ला नाही, पण नर्सबाई त्या नर्सबाई. एकदा त्यांनी दवाखान्यातून दट्ट्याची फवारा बाटली आणून दिली. थोरल्यांनी हात जोडून घेतली आणि दारातल्या तुळशीवजा एका रोपट्यावर मारायला ठेवली. ते रोपटं नेमकं कशाचं होतं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, पण फोफावलं मात्र.

तर असं सारा दिवस तोंडात पाणी धरलेला माणूस बोलणार किती? म्हणून ते श्वासावर भागवायचे. मी यत्ता दोन शिकलेली. पुस्तकं वाचता आली नाहीत कधी धड, पण थोरल्यांचा श्वास मला वाचता यायचा. नाकातून बारीक 'फुस्स' निघालं की समजावं, आज होणार नाही, उद्या या. ओठ मिटून 'हं' म्हणजे होईल, बसा. कुणी म्हणालं, "घरात लग्न आहे हो, आत्ताच्या आत्ता पाहिजे," आणि ते खोटं असलं, तर नाकपुड्या फुगवून घोड्यासारखं फुरफुरायचे. खरं असलं तर नुसती मान हलवायचे. गठ्ठा संपला की 'हुश्श'. ते हुश्श इतकं मनापासून असायचं की वर भाकऱ्या थापताना मलाही जरा बसावंसं वाटायचं.

ताई म्हणायची, "तुम्हाला मजा वाटते. मी काय लग्न फुंकणीशी लावलंय? भाजी कशी झाली विचारलं तर नाकातून वारा. नवी चप्पल दाखवली तर तोंडातून वारा. एक दिवस मी पण अशीच फुस्स करून निघून जाईन!"

आणि मग त्या भांडणानंतर तर घरात दोघे मुके झाले. म्हणजे एक मुळातच कमी बोलणारा आणि दुसरा न बोलण्याची शपथ घेतलेला बडबड्या. धाकट्याचे हाल विचारू नका. जेवल्याशिवाय राहील, बोलल्याशिवाय कसा राहील? त्याने तोड काढली. तो इस्त्रीशी बोलायला लागला.

"इस्त्रीबाई, कोळसे संपत आले. ज्यांना आणायचे असतील त्यांनी आणावेत."

"अगं शेगडी, कुणाला तरी सांग, वकिलांच्या विजारीला बटण नाहीये, नंतर आपल्यावर येईल."

लेकी बोले सुने लागे, दुसरं काय! थोरले ऐकायचे, 'हं' म्हणायचे आणि कोळसे आणायचे. दुकान चालू राहिलं. जेवायला बसल्यावर धाकटा ताईला म्हणायचा, "वहिनी, मीठ ज्यांच्याजवळ आहे त्यांना म्हणावं सरकवा." ताई म्हणायची, "मिठाला पाय फुटलेत का? हात लांब कर." पण मीठ तोवर सरकलेलं असायचं.

हट्ट दोघांचा. सुंभ जळला तरी पीळ जळेना. धाकट्याची अट एकच, सुस्कारा होता म्हण. आणि थोरल्यांना खोटं बोलता यायचं नाही. मी एकदा म्हटलं, "भाऊ, म्हणून टाका ना. दोन शब्द तर आहेत." त्यांनी मगमधलं पाणी ढवळलं आणि म्हणाले, "वहिनी, नव्हताच तो. नसलेलं कसं म्हणू?" मग म्हणाले, "त्याने हाक मारली असती तर बरं होतं." त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

सगळ्या गल्लीला हा वाद माहीत. मग काय, ज्याला काम नाही तो इस्त्रीच्या दुकानात न्याय करायला येऊन बसायचा. ज्यांचा सदरा जळला ते पोस्टमास्तर सदऱ्याचं विसरले आणि विचारत राहिले, "पण श्वास नेमका कसला होता?" एक पेन्शनीत निघालेले मास्तर होते, त्यांनी चष्मा पुसून निवाडा दिला, "शुद्ध शब्द निःश्वास. दोघांनी हा घ्यावा. ना तुझं, ना त्याचं." धाकटा म्हणाला, "मास्तर, निःश्वास पुस्तकातली माणसं टाकतात, आमच्या घरात सुस्कारेच टाकतात." नर्सबाई म्हणाल्या, "आत जातो तो श्वास, बाहेर येतो तो उच्छ्वास. सुस्कारा मोजायचं यंत्र आमच्याकडे आलेलं नाही." बँडमध्ये एक जण पिपाणी वाजवायचा, गालांच्या दोन पिशव्या झालेल्या. तो म्हणाला, "बाहेर काढायचा तर काहीतरी वाजलं तरी पाहिजे, नाहीतर फुकट कशाला काढायचा?" तेवढ्यात वरून, आमच्या खिडकीतून, सासूबाईंचा आवाज आला, "पुरुषाने सोडला तर उसासा, बाईने सोडला तर सुस्कारा आणि म्हातारीने सोडला तर धाप! एवढ्यासाठी माझी दुपारची झोप मोडता?"

सभा उठली. निकाल लागला नाही.

असं वर्षानुवर्षं चाललं. भांडणाच्या वेळी माझा मुलगा पाळण्यात होता. तो रांगला, चालला, शाळेत गेला, गुडघे फोडून घरी आला, आणि एक दिवस त्याला पहिली लांब विजार शिवून आली. ती विजार घेऊन मी सकाळी खाली गेले. म्हटलं, भाऊ, हिला अशी घडी पाडा की सुरीसारखी दिसली पाहिजे, पोरगं वर आरशासमोर उभं आहे.

थोरल्यांनी 'हं' केलं. विजार टेबलावर पसरली, हाताने सारखी केली आणि तोंडात पाणी घेतलं. दाराशी धाकटा इस्त्री हातात धरून हेलकावे देत होता. वारा लागून कोळसे फुलावेत म्हणून तसं करतात. तोंडाने बडबड चालूच, "चला इस्त्रीबाई, तापा, विजारवाले साहेब खोळंबलेत..." आणि त्या हेलकाव्यात झाकणाची कडी निसटली. झाकण उघडलं. एक लालभडक निखारा उडाला आणि थेट थोरल्यांच्या पायावर, चपलेच्या पट्ट्याखाली जाऊन बसला.

"दादा, पाय!"

हे धाकटा ओरडला. मी समोर होते. मी ऐकलं. इतकी वर्षं कोंडून ठेवलेलं, ते एका निखाऱ्याने बाहेर काढलं.

शहाण्या माणसाने काय करावं? पाय झटकावा. नाहीतर, तोंडात घोटभर पाणी आहेच, ते खाली सोडावं. पायावर विस्तव, तोंडात पाणी, याहून सोय ती काय असते? पण थोरल्यांनी पायाकडे बघितलंसुद्धा नाही. ते डोळे मोठे करून भावाकडे वळले. काहीतरी बोलायला गेले. आणि तोंडातलं पाणी, एक थेंब वाया न जाता, फुर्रर्र करून धाकट्याच्या तोंडावर!

चपलेचा पट्टा धुरकट झाला. तेव्हा कुठे "आई गं!" म्हणून थोरले एका पायावर नाचायला लागले. मी मगमधलं पाणी त्यांच्या पायावर ओतलं.

धाकट्याच्या भुवयांवरून पाणी गळत होतं. "थुंकलास माझ्यावर?"

"थुंकलो नाही रे! सुटलं!"

"पाय तुझा जळतोय आणि पाणी माझ्या तोंडावर? विस्तव माझ्या नाकावर होता का?"

"काय म्हणालास तू?"

"विस्तव माझ्या नाकावर होता का म्हणालो!"

"त्याच्या आधी."

"थुंकलास म्हणालो."

"त्याच्या आधी."

"पाय म्हणालो."

"त्याच्याही आधी."

धाकटा इस्त्रीच्या झाकणाची कडी लावायला लागला.  आतून ताई ओले हात पुसत आली. "म्हणालास तू. मी आतून ऐकलंय. या वरच्या वहिनींनीपण ऐकलंय. आता नाही म्हणू नकोस."

"चुकून निघालं," धाकटा पुटपुटला.

"चुकून तर चुकून. श्वासासारखंच असतं ते. बाहेर आलं की आलं, परत ओढून घेता येत नाही."

थोरले स्टुलावर बसले. पाय पुढे केला. रुपयाएवढा लाल चट्टा उठला होता. धाकट्याने त्या पायाकडे पाहिलं, मग खाली बसला, पाय मांडीवर घेतला आणि फुंकर घालायला लागला. फू. फू. जोरजोरात. हे घरात फुंकायचं, हे दाराबाहेर, ते सगळे नियम विसरून.

"हळू फुंक," थोरले म्हणाले. "शेगडी नाहीये ती."

"गप बस. तू मला फुंकायला शिकवू नकोस."

"मीच शिकवलंय."

मग धाकट्याने फुंकता फुंकताच मान वर केली. "आता तरी कबूल कर. सुस्कारा होता ना?"

"हुश्श होतं ते."

"काय?"

"इस्त्री घसरली तेव्हा मला वाटलं, तुझ्या हातावर पडली. मग बघितलं तर हात शाबूत. जीव भांड्यात पडला. हुश्श केलं."

धाकटा फुंकायचा थांबला. "मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू म्हणालास कबूल कर. मी मोठा. मीच का सांगत बसू, की घाबरलो होतो?"

"आणि भिंतीकडे तोंड करून सोडलास तो?"

थोरल्यांनी त्याच्या मांडीवरचा पाय काढून घेतला.

"तो सुस्कारा होता," ते म्हणाले.

"बघा!" धाकटा एवढ्या मोठ्याने ओरडला की रस्त्यावरचा सायकलवाला थांबला. "बघा वहिनी! केलं कबूल! दादाने कबूल केलं!"

थोरले हसायला लागले. हसता हसता खोकले, खोकता खोकता डोळे पुसले. ताई म्हणाली, "दोघांचीही डोकी एकदा त्या इस्त्रीखाली धरली पाहिजेत." आणि आत जाऊन तिने स्वतःशीच असा काही सुस्कारा टाकला, की त्याबद्दल मात्र कुणाचा वाद होणार नाही.

आता मला विचाराल तर, मी त्या पहिल्या दिवशी कोटांच्या आड होते. त्या पहिल्या श्वासात हुश्श होतं, अगदी खरं. पण शेवटाला थोडासा, चिमूटभर, सुस्काराही होता. सदरा पांढरा होता हो! पण मला कुणी विचारलं नाही, आणि मिटलेल्या भांडणावर फुंकर घालून ते पुन्हा पेटवायला मी काय वेडी आहे?

माझ्या मुलाच्या विजारीला त्या दिवशी घडी पडली नाही. पुढे आठवडाभर कुणाच्याच कपड्यांना धड पडली नाही. इतक्या वर्षांचं साचलेलं धाकटा ओतत होता आणि थोरले ऐकत होते. वकील ओरडून गेले, नर्सबाई ओरडून गेल्या. पोस्टमास्तर तेवढे खूश, निकाल लागला म्हणून.

त्यानंतर थोरल्यांना एक खोड लागली. धाकट्याने हाक मारली, "दादा!" की पहिल्या हाकेला ओ द्यायचीच नाही. ऐकू यायचं सगळं. सुई पडली तरी ऐकू येणारे कान होते. पण गप्प राहायचे, कपड्याची घडी सारखी करत बसायचे. मग धाकटा वैतागून, "ए दादाऽ!" अशी दुसरी, लांब हाक मारायचा. ती पूर्ण ऐकून घ्यायचे आणि मग ओ द्यायचे. धाकटा सगळ्यांना सांगायचा, दादाला कमी ऐकू येतं. आम्ही बायका काही बोललो नाही. एका हाकेच्या जागी दोन मिळतात, तर मिळू देत की. थकबाकी होती त्यांची.

पुढे वय झालं. कोळशाच्या धुराने त्यांच्या छातीत घर केलेलं. दोन कपडे ओले केले की धाप लागायची. फुर्रर्रचं नुसतंच फुस्स व्हायचं आणि कापडावर मोठमोठे थेंब पडायचे. डॉक्टर म्हणाले, फुंकणं बंद. त्या दिवशी धाकट्याने रोपट्यापाशी पडलेली नर्सबाईंची फवारा बाटली धुऊन घेतली आणि टेबलावर ठेवली. थोरल्यांनी ती दाबून बघितली, कापडावर पडलेलं पाणी बघितलं, आणि 'हं' म्हणाले. तो हं कसला होता, ते मलाही वाचता आलं नाही.

इंद्रधनुष्य बघायला पोरं यायची थांबली. मग थोरल्यांनी कपडे घरोघर पोचवायचं काम स्वतःकडे घेतलं. धाकटा रागवायचा, "जिने चढू नकोस, मी जाईन." थोरले म्हणायचे, "तू गेलास की परत येत नाहीस, दारोदार बोलत बसतोस. माझी फेरी लवकर होते." लवकर कसली! जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायचे. पण येताना गठ्ठा असा दोन्ही हातांवर आडवा धरायचे, की वरच्या कपड्याला एक चुणी नसायची.

त्यांची शेवटची फेरी आमच्याकडेच झाली. ती शेवटची आहे हे मला ठाऊक नव्हतं, त्यांनाही नसावं. त्याच रात्री ते झोपेत गेले. ताई म्हणाली, कळलंच नाही गं, बाजूला झोपले होते, एवढासा आवाजसुद्धा केला नाही. पण ते नंतरचं. मला सांगायचं आहे ते संध्याकाळचं.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. वळणावर थांबली. पुन्हा वाजली. मी दार उघडून उभी राहिले. थोरले आले, नेहमीसारखे चपला बाहेर काढल्या, गठ्ठा खुर्चीवर ठेवला. वर माझ्या नातीचा शाळेचा सदरा होता. त्याच्या कॉलरवर कुठूनसा पांढरा दोरा चिकटलेला. थोरले वाकले, ओठ जेमतेम उघडले आणि हलकीशी फुंकर मारली. दोरा उडाला.

मग दाराजवळच्या स्टुलावर बसले. "हुश्श."

"पाणी देऊ, भाऊ?"

"नको. जन्मभर पाणीच तोंडात घेतलं." हे ते नेहमीच म्हणायचे, आणि मी नेहमीच पाणी द्यायची, आणि ते नेहमीच प्यायचे. त्या दिवशीही प्यायले. पेला खाली ठेवून म्हणाले, "मोजून घ्या, वहिनी."

"तुमचे कपडे कधी मोजलेत मी?"

"तरी मोजून घ्या. उद्या धाकटा म्हणेल दादाने हरवला."

मी मोजायला लागले. तेवढ्यात खालून हाक आली.

"दादा!"

थोरल्यांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. आम्ही दोघं गप्प बसलो. खाली इस्त्री ठेवल्याचा आवाज आला, कुणाशी तरी काहीतरी बोलल्याचा, आणि मग जिन्याच्या तोंडाशी येऊन, मान वर करून मारलेली ती दुसरी, लांबलचक हाक.

"ए दादाऽऽ! आलास की राहिलास तिथेच?"

थोरल्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग दाराच्या चौकटीला धरून उठले, चपला पायात सरकवल्या, छातीतला सगळा वारा सावकाश बाहेर सोडला आणि म्हणाले, "आलो रे."

आणि एक एक पायरी करत खाली गेले.